झिगीचे लाल केस

एका रेकॉर्डच्या कव्हरवर मागच्या बाजूला सूचनाच छापलेली होती : ही रेकॉर्ड जास्तीत जास्त मोठ्या आवाजात लावावी! घरातल्या वडीलधाऱ्यांना काय वाटलं असेल, ते वाचकांनीच ओळखावं. १६ जून १९७२ रोजी इंग्लंडमध्ये निघालेली ही डेव्हिड बोवीची तबकडी. नाव मारुतीच्या शेपटासारखं लांब – ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’. गाणी ११, आणि सगळी मिळून ३८ मिनिटांची.

पहिल्याच गाण्यात बातमी येते, की पृथ्वीची आता पाचच वर्षं उरली आहेत. मग अवतरतो झिगी. हा रॉक गायक, ताऱ्यांवरचा निरोप घेऊन आलेला. लोक त्याला डोक्यावर घेतात, त्यालाही ते चढतं आणि अखेर त्यातच तो संपतो. खरं सांगायचं तर कथा काही सलग नाही. यातली दोन गाणी बोवीनं आधी दुसऱ्याच नावाच्या बँडसाठी केलेली, एक तर मुळात दुसऱ्या कुणाचं. आणि ‘स्टारमन’? कंपनीला चटकन चालेल असं गाणं हवं होतं, म्हणून ते मागाहून घातलेलं! पण गोधडीचे तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे म्हणून तिची ऊब काही कमी होत नाही.

आता केसांची गोष्ट. कव्हरवर, लंडनच्या हेडन स्ट्रीटवर पावसाळी रात्री उभ्या असलेल्या बोवीचे केस लाल नाहीत बरं का! लाल झाले ते त्यानंतर. लंडनजवळच्या बेकनहॅमला सूझी फसी नावाची तरुणी केशकर्तनालयात काम करायची. बोवीच्या आईचे केस तीच सेट करून द्यायची. त्या ओळखीतून ती बोवीच्या पत्नीकडे, अँजीकडे गेली, आणि मासिकातलं चित्र समोर ठेवून तिनं बोवीचे केस कापले, लालभडक रंगवले. ते उभे राहीनात, तेव्हा कोंड्यावरचं एक लोशन लावून उभे केले! कपडे शिवून घेतले फ्रेडी बुरेटी या मित्राच्या डिझाइनवरून. परग्रहावरचा माणूस घडला तो असा, आईच्या ओळखीच्या केशकर्तनालयातून.

६ जुलै १९७२ च्या संध्याकाळी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये त्यानं ‘स्टारमन’ गायलं आणि गाता गाता गिटारवादक मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला. एवढंच! पण पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथं गुन्हा म्हणायचं बंद होऊन पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. घरोघरी वडील संतापले. त्याच खोलीत बसलेल्या, आपण चारचौघांसारखे नाही म्हणून मनात कुढणाऱ्या मुलामुलींना मात्र वाटलं, हा आपल्याशीच बोलतोय. तबकडीचं शेवटचं गाणं अशाच एकट्या पडलेल्याला हात देतं. माझ्या मते ही तबकडी टिकली ती या गाण्यावर, केसांवर नव्हे.

याची किंमतही पडली. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीनं भर रंगमंचावरून जाहीर केलं, की हा आपला शेवटचा कार्यक्रम. शेजारी उभ्या ट्रेव्हर बोल्डरला आणि ड्रमवर बसलेल्या वुडी वुडमनसीला याचा पत्ताच नव्हता! सोबत्यांना असं चारचौघांत कळावं, हे काही बरं झालं नाही. झिगी कुठं संपतो नि आपण कुठं सुरू होतो, हे आपल्यालाच कळेनासं झालं होतं, असं बोवीनं पुढं सांगितलं. म्हणजे सुटका करून घेणं भागच होतं म्हणा. पण बिचाऱ्यांना आधी सांगता आलं असतं की!

सूझीनं पुढं रॉन्सनशी लग्न केलं. रॉन्सन १९९३ मध्ये गेला, बोवी १० जानेवारी २०१६ ला. सूझीनं मात्र त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, त्या २०२४ मध्ये पुस्तकरूपानं आल्या.

ऐकायची झाली तर सुटी गाणी निवडू नका. स्वयंपाकाची आवराआवर झाली, की पहिल्यापासून लावा. सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो, अगदी हळू. तिथं आवाज वाढवायची घाई नको.