सकाळचे पोहे, संध्याकाळचा मल्लखांब

इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला पोह्यांविषयी चार शब्द सुनावणे हे धाडसाचेच काम. आपल्या घरगुती पोह्यांवर माळव्याने शेव आणि जिरावन भुरभुरले, शेजारी जिलेबीची जोड दिली, आणि त्या बशीचे आपल्या सकाळींवरील राज्य आजही अबाधित आहे. पण अलीकडे काही घरांतून एक नवीच कुरबुर कानी येते. संध्याकाळी आखाड्यात, मैदानावर किंवा मल्लखांबाच्या सरावाला जाणारी मुले ही बशी दूर सारू लागली आहेत. ‘पिष्टमय पदार्थ सरावानंतर खायचे, सकाळी नाही,’ असे त्यांना कुणा प्रशिक्षकाने किंवा मोबाइलवरील एखाद्या व्याख्यात्याने सांगितलेले असते. आईला वाटते, लेकरू उपाशी चालले. आजी म्हणते, नव्या जमान्याचे खूळ. दोघींची काळजी रास्त आहे. तरीही मुलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नेमके किती आहे हे पाहण्याजोगे आहे.

भात, पोळी, पोहे, रवा, साबुदाणा, बटाटा, साखर या सर्वांतील मुख्य घटक म्हणजे कर्बोदके. पचनानंतर त्यांची शर्करा होते आणि तिचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविला जातो. प्रौढ माणसाच्या स्नायूंत ही शिल्लक सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम असते. जोराच्या व्यायामात स्नायू याच शिलकीतून खर्च करतात. आता मौज अशी की, खर्च झालेला स्नायू नंतर आलेली शर्करा विशेष आतुरतेने ओढून घेतो. १९६६ साली बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी हे स्वतःच्याच पायांवर पडताळून पाहिले. प्रत्येकाने एकाच पायाने सायकल मारून तो पाय पुरता दमविला, दुसऱ्याला विश्रांती दिली, आणि पुढे तीन दिवस भरपूर कर्बोदकांचा आहार घेतला. दमलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाले. माणूस एक, रक्त एक, अन्नही एकच. फरक होता तो केवळ श्रमाचा. ‘सरावानंतर खा’ या सल्ल्याला बळ मिळते ते येथे.

मात्र या सल्ल्याला जेवढे महत्त्व चढविले जाते तेवढे त्याचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसातून एकदाच सराव करणाऱ्याला पुढच्या सरावापर्यंत चोवीस तास मिळतात. तेवढ्या अवधीत एकूण अन्न पुरेसे पोटात गेले, तर शिल्लक भरून निघते. घड्याळाचा काटा पाहत बसण्याचे कारण नाही. सकाळी कर्बोदके कमी करण्याचा खरा लाभ वेगळाच आहे. बशीतील पोहे कमी झाले की तेथे प्रथिनांना जागा होते, आणि आपल्या न्याहारीत नेमकी त्यांचीच वानवा असते. एका माणसाच्या बशीला साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यांत कर्बोदके सुमारे ४५ ग्रॅम, प्रथिने जेमतेम ४. साबुदाण्याची तर गोष्टच सोडा. १०० ग्रॅम साबुदाण्यात कर्बोदके ८५ ग्रॅमहून अधिक, आणि प्रथिने नावालासुद्धा नाहीत. खिचडीत जे काही सत्त्व असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. एकादशी करणाऱ्या खेळाडूने हे ध्यानी ठेवून साबुदाणा घटवावा, कूट वाढवावा आणि सोबत दही घ्यावे.

मग सकाळी खायचे काय? त्यासाठी परदेशी डबे विकत आणावे लागत नाहीत. अंडी चालणाऱ्या घरात दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम प्रथिने आणि कर्बोदके फार तर एक ग्रॅम. न चालणाऱ्या घरात ५० ग्रॅम पनीर कांदा-टोमॅटोवर परतावे. प्रथिने ९ ग्रॅमच्या आसपास मिळतात. वाटीभर दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर हेही त्याच पंगतीतले. मोड आलेल्या मुगामटकीची उसळ आणि बेसनाचे धिरडे यांविषयी मात्र थोडा खुलासा हवा. कडधान्य म्हणजे निव्वळ प्रथिने, असा पुष्कळांचा समज आहे. बेसनात प्रथिने शेकडा २० ते २२, पण कर्बोदकेही शेकडा ५८ च्या घरात आहेत. म्हणजे ४० ग्रॅम बेसनाच्या धिरड्यातून ९ ग्रॅम प्रथिने येतात, तशी २३ ग्रॅम कर्बोदकेही येतात. तरी पोह्यांच्या तुलनेत कर्बोदके निम्मी आणि प्रथिने दुपटीहून अधिक. शाकाहारी घराने या व्यवहारावर समाधान मानावे. माझा कौल उसळीला आहे. तीत तंतूही भरपूर असतात आणि दुपारपर्यंत भूक आवरून धरण्याचा तिचा गुण कुणालाही अनुभवता येईल. फक्त तिच्यावर शेवेचा डोंगर रचू नये.

येथे पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कर्बोदके कमी करणे निराळे आणि न्याहारीच टाळणे निराळे. मल्लखांबात अंगाचे वजन स्वतःच्याच हातापायांनी पेलायचे असल्यामुळे हलके राहण्याचा मोह मुलांना फार होतो. मध्य प्रदेशाने २०१३ साली या खेळाला राज्यक्रीडेचा मान दिला, तेव्हापासून त्याची प्रतिष्ठा वाढली, आणि मुलामुलींची ईर्ष्याही. सकाळी नुसता चहा, डबा अर्धा परत, आणि संध्याकाळी एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर चढायचे, हा प्रकार घातक आहे. अंगात ताकद नसताना पकड सुटते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खाली मॅट असली तरी मान वाचेलच असे नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलींची कर्बोदके तोडू नयेत. फार तर त्यांची जागा बदलावी. सकाळी निम्मे पोहे आणि सोबत उसळ किंवा अंडे, दुपारचा पोळीभाजीचा डबा पूर्ण, सरावापूर्वी तासभर आधी एखादे केळे, एवढे पुरे. वेगाने धावणे, चढणे, उचलणे या कामांना शर्करेचेच इंधन लागते. अगदी रिकाम्या कोठाराने ती होत नाहीत.

घरातील मधुमेही मंडळींनी तर मुलाचे पाहून आपली न्याहारी बदलू नये. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकाएकी घटविली, तर शर्करा धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून औषधाचे मान बदलल्यावाचून असे करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही प्रथिने वाढविण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

राहिला राखून ठेवलेला वाटा. मुलगा सरावाहून घरी आला की तासा-दोन तासांत त्याला जेवू घालावे. ५० किलो वजनाच्या मुलाला त्या वेळी ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात: दोन पोळ्या आणि वाटीभर भात, वर दाट वरण, जोडीला दही. गव्हाबरोबर डाळ आणि दही आले की प्रथिनांचीही सोय होते. दुकानातील महागड्या पुडीत याहून निराळे असे फारसे काही नसते.

आणि ज्यांची तालीम पहाटे पाचला सुरू होऊन सातला सुटते, त्यांना तर हा सगळा हिशेब उलटा लागू आहे. त्यांची ‘सरावानंतरची’ वेळ म्हणजेच सकाळची न्याहारी. त्यांच्यापुढे पोह्यांची भरली बशी निःशंक ठेवावी, सोबत दुधाचा पेला किंवा उसळीची वाटी द्यावी, आणि रविवारी एखादी जिलेबी मागितली तर तीही नाकारू नये.