काळा भुंगेरा : शत्रू की सेवक?

पावसाळा तोंडावर आला, की सायंकाळी दिवे लागताच घराच्या पडवीत एखादा काळा, जडशीळ, शिंगाचा किडा घोंघावत येऊन भिंतीवर आदळतो आणि जमिनीवर उताणा पडून पाय झाडीत राहतो. मुले दूर पळतात. वडील मंडळींपैकी कोणी त्यास विषारी ठरवितात, तर कोणी शेणकिडा म्हणून तुच्छ लेखतात. आणि ह्या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच कोणाची तरी वहाण त्याच्यावर पडते. आरोपीचे नावही न विचारता दिलेली ही शिक्षा होय! कधी ती योग्य ठरत असेल, कधी ती अन्यायाची असेल. परंतु दोन्ही प्रसंगी शिक्षा देणाऱ्यास आपण काय केले ह्याचा पत्ता नसतो.

गोमंतकासारख्या माडांच्या प्रदेशात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. दिव्यावर येणाऱ्या ह्या काळ्या, शिंगाच्या किड्यांत दोन अगदी भिन्न प्रकृतीचे जीव असतात. एक माडाच्या शेंड्यात शिरून त्याचा कोवळा गाभा कुरतडणारा. दुसरा गुराढोरांचे शेण जमिनीत पुरून शेताला खत पोहोचविणारा. एक शत्रू, दुसरा बिनपगारी सेवक. दोघांचा वेष मात्र सारखाच! म्हणून अपरिचित किडा दिसला असता त्याची ओळख कशी पटवावी, हे आम्ही विद्यार्थिमित्रांना ह्या लेखात सांगणार आहोत.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. मराठीत 'भुंगा' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. घराच्या वाशाला वाटोळे भोक पाडून त्यात राहणारा, निळसर काळा, गुंजारव करणारा जो भुंगा, तो वास्तविक मधमाशीचा नातलग आहे. त्याचे चारही पंख पातळ असतात. आपल्या पडवीत पडलेला किडा त्या कुळातील नव्हे. त्याच्या पुढच्या दोन पंखांचे कठीण कवच बनलेले असते, आणि उडण्याचे खरे पातळ पंख त्या कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. अशा कीटकांना मराठी ग्रंथांत 'भुंगेरे' म्हणतात. शास्त्रात त्यांच्या गणाला 'कोलिऑप्टेरा' असे नाव आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'म्यानात पंख असलेले' असा होतो. म्यानात तलवार तसे कवचात पंख! रात्री चमकणारा काजवा आणि तांदळात पडणारा सोंडकिडा हेही भुंगेरेच आहेत. आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लक्ष जातींची नोंद झाली असून, माणसाला ठाऊक असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ चतुर्थांश जाती ह्या एकाच गणात मोडतात.

भुंगेरा ओळखण्याची पहिली खूण सोपी आहे. पाठीकडून पाहिले असता दोन्ही कवचे मधोमध एका सरळ रेषेत मिळालेली दिसतात, जणू पेटीची दोन झाकणे. झुरळाच्या पंखांची कड एकावर एक चढलेली असते, तेथे ही सरळ रेषा आढळत नाही. ढेकणाच्या जातीच्या कीटकांना टोचून रस शोषणारी सोंड असते. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात. पाय मोजावेत, ते सहाच भरले पाहिजेत. आठ भरले तर तो कीटकच नव्हे, कोळ्याच्या कुळातील प्राणी समजावा.

आता परीक्षेची तयारी कशी करावी? किड्यास हाताने धरू नये. भुंगेऱ्यांना नांगी नसते हे खरे. परंतु काही जातींच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडीवर फोड येतात. म्हणून त्याच्यावर काचेचा पेला उपडा घालावा व खालून जाड कागद सरकवावा. मग वहीत चार गोष्टी लिहाव्यात : तो कोठे सापडला, केव्हा सापडला, त्याची लांबी किती आणि रंग कोणता. लांबी पट्टीने मोजावी. 'अंगठ्याएवढा' असे लिहू नये, कारण सर्वांचे अंगठे सारखे नसतात. कोणत्या झाडापाशी किंवा कोणत्या खड्ड्यापाशी तो आढळला, ही नोंद पुष्कळदा रंगापेक्षाही अधिक उपयोगी पडते. छायाचित्र काढणे शक्य असेल तर वरून, बाजूने व पोटाकडून असे तीन वेळा काढावे.

ह्यानंतर मिशांकडे, म्हणजे शृंगिकांकडे पाहावे. भुंगेऱ्यांची घराणी मिशांवरून बरीचशी ओळखता येतात. शरीराएवढ्या किंवा त्याहूनही लांब मिशा असतील तर तो लाकूड पोखरणाऱ्या घराण्यातील असतो. आंब्याचे खोड पोखरणारा करड्या रंगाचा मोठा भुंगेरा ह्याच घराण्यातला. डोके पुढे सोंडेसारखे लांब झाले असून मिशा त्या सोंडेवर कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर तो सोंड्या घराण्यातील होय. आणि मिशा आखूड असून त्यांच्या टोकाशी लहान पात्यांचा पंखा असेल, तर आपला पाहुणा ज्या घराण्यात माडाचा शत्रू आणि शेणकिडा दोघेही मोडतात, त्या घराण्यातील आहे असे समजावे. एकाच घराण्यात साधू आणि चोर दोघेही निपजावेत, तसाच हा प्रकार आहे.

आता खरी कसोटी येते. दोघेही काळे, दोघांनाही शिंग असू शकते. म्हणून केवळ शिंगावरून निकाल देऊ नये. पुढील चार खुणा क्रमाने तपासाव्यात.

पहिली खूण डोक्याची. शेणकिड्याचे डोके पुढे फावड्यासारखे चपटे व अर्धवर्तुळाकार असते आणि त्याचे जबडे त्या फावड्याखाली झाकलेले असतात. माडाच्या भुंगेऱ्याचे डोके अरुंद असते व जबड्यांच्या कडा वरूनही दिसू शकतात. दुसरी खूण पाठीवरची. माडाच्या भुंगेऱ्याच्या दोन्ही कवचांच्या मुळाशी, मधोमध, एक लहानशी त्रिकोणी चकती स्पष्ट दिसते. आपल्याकडील मोठ्या शेणकिड्यांत ती दिसत नाही. तिसरी खूण पोटाकडची. शेणकिड्याच्या मधल्या पायांची मुळे एकमेकांपासून बरीच दूर असतात. दुसऱ्याची जवळजवळ असतात. चौथी खूण मानेमागच्या भागाची. माडाच्या भुंगेऱ्याच्या ह्या भागावर पुढच्या बाजूस कोरून काढल्यासारखा मोठा खळगा असतो. शिवाय त्याच्या पोटाकडे तांबूस केस असतात. शरीराच्या शेवटी तांबूस केसांचा दाट झुबका असेल तर ती मादी. नराचे शिंग सामान्यतः अधिक लांब असते.

चारही खुणा एकाच बाजूला पडल्या तर निकाल पक्का समजावा. एकच खूण जुळली व बाकीच्या जुळल्या नाहीत, तर घाई करू नये. सह्याद्रीच्या रानात ह्याच घराण्यातील आणखी एक भुंगेरा आढळतो. त्याच्या नराला दुभंगलेली दोन लांब शिंगे असतात. तेव्हा 'शिंग दिसले, ओळख पटली' असे कधीच म्हणता येत नाही.

माडाच्या ह्या भुंगेऱ्यास मराठीत गेंड्या भुंगा म्हणतात. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने १७५८ साली त्याच्या शास्त्रीय नावातही गेंडाच घातला. आज ते नाव 'ओरिक्टेस ऱ्हिनोसेरॉस' असे आहे. ह्याची लांबी साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर असते. नाव कळल्याचा लाभ हा, की नावामागोमाग त्याचा सारा इतिहास हाती येतो. मादी कुजणाऱ्या पदार्थांत अंडी घालते : शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात, पडून राहिलेल्या माडाच्या खोडात. सुमारे ८ ते १२ दिवसांनी अळी बाहेर येते. ती हुमणीसारखी पांढरी, जाड व अर्धचंद्राकार वाकलेली असून तिला सहा पाय असतात. कित्येक महिने ती कुजका पदार्थ खाऊन वाढते, मग सुमारे ३ आठवडे कोशात राहते. अळी माडाला स्पर्शही करीत नाही. माडाचे नुकसान करतो तो पंख फुटलेला भुंगेराच.

रात्री तो माडाच्या शेंड्यात, न उमललेल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात शिरतो आणि रस शोषीत आत बोगदा पाडतो. चघळलेला चोथा भोकाच्या तोंडाशी साठतो. पुढे ते पान उमलले म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. मोठा माड ह्या हल्ल्याने सहसा मरत नाही, परंतु पोय नासली तर नारळ घटतात. लहान रोपाचा कोंबच खाल्ला गेला तर ते दगावते. ह्याहून मोठे भय वेगळेच आहे. त्याने पाडलेल्या जखमेच्या वासाने तांबूस सोंड्या भुंगा तेथे येतो व अंडी घालतो. त्याच्या बिनपायाच्या अळ्या खोड आतून पोखरतात. भोकातून तपकिरी रस गळू लागतो, खोडाला कान लावला असता कुरतडण्याचा आवाज येतो, आणि हे ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. पहिला चोर भिंत फोडतो, दुसरा घर लुटतो!

ह्याच्या उलट शेणकिड्याचे चरित्र पाहा. तो शेणाखाली बिळे खणतो, शेणाचे गोळे आत नेतो व त्यांवर आपली प्रजा वाढवितो. त्यामुळे माती भुसभुशीत होते, खत मुळांपर्यंत पोहोचते व शेणावर वाढणाऱ्या माश्यांना आळा बसतो. त्याचे मोल ऑस्ट्रेलियास फार उशिरा कळले. १७८८ पासून तेथे युरोपियनांनी गुरे नेली. परंतु तेथील मूळचे शेणकिडे कांगारूंसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गुरांचे शेण कुरणांवर तसेच पडून राही व माश्या माजत. अखेर हंगेरीतून तेथे गेलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा ह्यांच्या प्रेरणेने १९६५ ते १९८५ ह्या काळात परदेशांतून शेणकिडे मुद्दाम आणून सोडण्यात आले. ज्या किड्यास आपण वहाणेने चिरडतो, त्याच्यासाठी एका देशाने वीस वर्षे खटपट केली!

आणि ओळखीकडे दुर्लक्ष झाले असता काय होते, ह्याचे उदाहरण प्रशांत महासागरातील सामोआ बेटे देतात. १९०९ च्या सुमारास सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा तेथे पोहोचला आणि माडांवर जगणाऱ्या त्या बेटांवर मोठे संकट कोसळले. १९६३ साली जर्मन शास्त्रज्ञ अलॉइस ह्यूगर ह्यांना मलायात ह्या भुंगेऱ्याच्या अळ्यांना जडणारा एक विषाणू आढळला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला व नुकसान पुष्कळ घटले. तथापि लढाई संपलेली नाही. २००७ साली हा भुंगेरा ग्वाम बेटावर व २०१३ साली हवाई बेटांत आढळला. ग्वाममध्ये पसरलेल्या वाणाला तर तो जुना विषाणू फारसा बाधत नाही.

आपल्या घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. मेलेला माड तोडून ठेवून देऊ नये; त्याची खोडे व खुंट ह्यांची विल्हेवाट लावावी. खताचा खड्डा अधूनमधून उपसून त्यातील पांढऱ्या अळ्या वेचाव्यात. माडावर चढणाऱ्या माणसाकडून शेंड्यातील भोके तपासून घ्यावीत व लोखंडी आकड्याने आतला भुंगेरा ओढून काढवावा. लहान माडांच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू ह्यांचे मिश्रण भरावे. अळ्यांना हिरव्या बुरशीने मारणारे एक कवकही कृषिशास्त्रज्ञ वापरतात. त्यासाठी जवळच्या कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, ज्ञानाचा आरंभ पुष्कळदा 'हे काय आहे?' ह्या लहानशा प्रश्नाने होतो. परंतु त्याचे उत्तर ऐकीव गोष्टींत न शोधता डोळ्यांनी शोधावे लागते. पट्टी, वही, पेला आणि थोडासा धीर एवढीच ह्या विद्येची सामग्री आहे, आणि ती गरिबातील गरीब घरीही मिळते. शत्रूस ओळखले तर आपला माड वाचेल, आणि सेवकास ओळखले तर एक निरपराध जीव वाचेल. दोन्ही लाभ एकाच अभ्यासाने मिळतात. म्हणून तो अभ्यास येत्या पावसाळ्यापासून प्रत्येकाने आपल्याच अंगणात सुरू करावा, अशी आमची सूचना आहे.