जुना स्टिरिओ रेडिओ विकत आणलाय? प्लग लावायची घाई करू नका

कबाडीवाल्याकडे किंवा ओएलएक्सवर एखादा जुना स्टिरिओ रेडिओ नजरेस पडतो. लाकडी खोकं, दोन्ही बाजूंना स्पीकर, मधे काचेची लांब डायल. विकणारा सांगतो, "किरकोळ काम आहे भाऊ, एखादी वायर सुटली असेल." भाव पटतो, आपण सेट घरी आणतो, ओल्या फडक्याने पुसतो आणि लगेच प्लग लावतो.

जुने सेट मरतात ते इथेच. चाळीस वर्षं माळ्यावर धूळ खात पडूनही जो जिवंत होता, तो या पहिल्या पाच मिनिटांत जळतो. म्हणून प्लग बाजूला ठेवा आणि आधी सेटची पाठ बघा.

पाठीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. कुणी आखातातून किंवा परदेशातून आणलेल्या सेटला बहुतेक वेळा ११०, १२७, २२०, २४० असा निवडायचा स्विच असतो. तो ११० वर असेल आणि तुम्ही आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात प्लग लावला, तर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून समजा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या सेटला असा स्विच नसेल, तर व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल.

पाठीवरच फ्यूजही सापडेल. तो काढून बघाच. माझ्या एका सेटमध्ये आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती. म्हणजे फ्यूज उडत होता, तो का उडतोय हे बघण्यापेक्षा त्याने फ्यूजच कायमचा गप्प केला.

यानंतरही थेट प्लग नको. रेडिओ मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड वापरा. सेटच्या सप्लायमध्ये ६० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये येतो (एलईडी इथे चालत नाही). सेट सुरू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अख्खा झटका बल्ब स्वतःवर घेतो आणि सेट वाचतो. हे काम हातचं नसेल तर गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला सांगा, बहुतेकांकडे हा बोर्ड असतो.

सेट व्हॉल्व्हचा असेल तर मात्र स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये दोनशे-तीनशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. काही व्हॉल्व्ह सेटमध्ये तर आतली लोखंडी चासी थेट मेन्सच्या वायरला जोडलेली असते. तिथे शिकाऊपणाला जागा नाही.

ट्रान्सिस्टर किंवा आयसीचा सेट सुरू झाला, पण आवाजाबरोबर सतत "घूंऽऽ" येतंय? व्हॉल्यूम शून्यावर नेली तरी जात नाही? मग बहुतेक वेळा गुन्हेगार पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर असतो. त्यात एक द्रव असतो आणि तो वर्षांनुवर्षं हळूहळू सुकतो. उष्णतेने लवकर सुकतो: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. आता नागपूरचा मे महिना आठवा, आणि पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला सेट. एखादा कंडेन्सर वरून फुगलेला किंवा खाली तपकिरी चिकट डाग सोडलेला दिसेल, पण दिसायला धडधाकट असलेलाही आतून कोरडा असू शकतो.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुटतो. बर्डीवरच्या सुट्या भागांच्या दुकानात मागताना १०५ डिग्रीचा मागा. ८५ डिग्रीवाला किंचित स्वस्त मिळतो, पण आपल्या उन्हाळ्यात ती बचत करण्यात अर्थ नाही.

आता स्टिरिओची खास तक्रार. एकच बाजू वाजते, दुसरी मुकी. लगेच "आयसी गेला" हा निकाल लावला जातो आणि खिसा हलका होतो. त्याआधी हे करून बघा. बॅलन्सचं बटण मधोमध आहे का? रेडिओ-टेप-फोनो असा निवडायचा स्विच असेल तर तो दहा-वीस वेळा मागेपुढे करा. हेडफोनच्या खाचेत एखादी पिन घालून काढा, कारण आतली पट्टी अडकली की स्पीकरकडे जाणारा आवाज तिथेच तुटतो. मग सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला. आधी मुका असलेलाच स्पीकर अजूनही मुका राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर दोष सेटमध्ये. एवढी माहिती घेऊन मेकॅनिककडे गेलात तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमच्याशी बोलण्याची त्याची पद्धतही बदलते.

बटण फिरवताना होणारी खरखर हा सर्वात सोपा रोग. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा, सेट बंद ठेवून बटण वीस-तीस वेळा फिरवायचं आणि वाळू द्यायचं. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, रॉकेल यातलं काहीही नको. चार दिवस बरं वाटतं, मग तेलावर दुप्पट धूळ बसते.

आणि एक हात जोडून विनंती. आत चौकोनी पत्र्याच्या छोट्या डब्या दिसतील, वर स्क्रूसारखी खाच असलेल्या. मेकॅनिक त्यांना आयएफटी म्हणतात. ते स्क्रू नाहीत, पिळू नका! स्टेशनं नीट वेगळी ऐकू यावीत म्हणून कारखान्यात त्या ४५५ किलोहर्ट्झवर आणि एफएमसाठी १०.७ मेगाहर्ट्झवर बसवलेल्या असतात. वयामुळे त्या क्वचितच बिघडतात. बिघडवतो तो स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला उत्साही माणूस.

सगळं झालं, तरी एफएमवर काहीच लागत नाही? कदाचित सेटमध्ये दोषच नाही. आपला एफएम बँड ८८ ते १०८. जपानचा जुना बँड मात्र ७६ ते ९० होता, आणि जुने युरोपियन सेट १०० किंवा १०४ वरच थांबतात. नागपूरची विविध भारती १००.६ वर आहे, मोठी खासगी स्टेशनं ९१ च्या पुढे. म्हणजे जपानी डायलवर ती सगळी बाहेर, आणि १०० ला संपणाऱ्या जर्मन डायलवर विविध भारती अगदी उंबऱ्यावर. पैसे देण्याआधी डायलचा शेवटचा आकडा वाचायचा तो यासाठी.

स्टिरिओचा लाल दिवा लागत नाही, ही तक्रारही अशीच फसवी. एफएम स्टेशन स्टिरिओ प्रसारण करताना सोबत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक, न ऐकू येणारा सूर पाठवतं. तो ओळखला की सेट डावा-उजवा आवाज वेगळा करतो आणि दिवा लावतो. सिग्नल कमजोर असेल तर तो सूर हरवतो. साधारण ७५ सेंटिमीटरची वायर अँटेनाच्या जागी लावून बघा. तरी हिस्स आवाज येत असेल तर मोनोवर टाका, आवाज लगेच स्वच्छ होईल. मीडियम वेव्हवर मात्र हा दिवा कधीच लागणार नाही, कारण आपल्याकडे तिथलं प्रसारण मोनोच.

मीडियम वेव्हचं सांगायचं तर नागपूरला त्याचा मोठा वारसा आहे. आकाशवाणीचं इथलं केंद्र १६ जुलै १९४८ चं. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरच्याच एक मेगावॅट ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर, आणि रात्री ती देशभर दूरदूर ऐकू जायची. २०१८ च्या अखेरीस ती बंद करायचा निर्णय झाला. जुन्या डायलवर नागपूरचं स्टेशन शोधायचं तर ५८५ वर काटा न्या. आकडे मीटरमध्ये असतील तर ५१३ च्या आसपास. सेट जागच्या जागी थोडा फिरवून बघा, कारण आतल्या फेराइट रॉडला दिशा लागते. आणि नुसती करकर येत असेल तर सेट पुन्हा उघडण्याआधी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर बंद करून बघा.