सोशल वर्करने संप करावा का?

'सोशल वर्कर'चं मराठी आपण 'समाजसेवक' करून मोकळे होतो, आणि मग हा समाजसेवक पगारासाठी संपावर गेला की आपल्याला खटकतं. सेवा करायची आणि वर पैसे मागायचे?

इथे ब्रिटनमध्ये हा शिक्षण आणि परवाना लागणारा पेशा आहे. इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय हे बिरुद लावताच येत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींना किती तास मदतनीस मिळावा, एखादं मूल त्याच्या घरात सुरक्षित आहे का, हे ठरवण्यात त्यांचा शब्द महत्त्वाचा असतो.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात डॉलिस हिलला जाणाऱ्यांना बार्नेट ठाऊक असेल, एजवेअर रोड ओलांडला की आलंच. तिथल्या कौन्सिलच्या मानसिक आरोग्य विभागातले सोशल वर्कर सप्टेंबर २०२३ मध्ये युनिसन या संघटनेतर्फे संपावर गेले. लढा टप्प्याटप्प्याने पुढच्या वर्षीही चालला. मागणी नेहमीच्या पगारवाढीहून जरा वेगळी होती. अनुभवी माणसं सोडून चालली आहेत, ती टिकावीत म्हणून पगारावर जादा रक्कम द्या, असं त्यांचं म्हणणं. एक जण गेला की त्याच्या केसेस उरलेल्यांच्या डोक्यावर. मग त्यातलाही एखादा कंटाळून जातो. आणि आजारी माणसाने काय करायचं? महत्प्रयासाने एकाजवळ मन मोकळं केलेलं असतं, ते आता नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगायचं. मला तरी या भांडणातला हाच मुद्दा सगळ्यात खरा वाटतो.

अर्थात, संपाचा चटकाही आधी त्याच माणसाला बसतो. कारखाना बंद पडला तर नुकसान मालकाचं. इथे मालक म्हणजे कौन्सिल, तिचे उलट पगार वाचतात! म्हणून संघटनांना केवळ काम बंद ठेवून भागत नाही. एप्रिल २०१७ मध्ये सोशल वर्कर्स युनियन आणि ब्रिटिश असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स यांच्या मंडळींनी सरकारी काटकसरीविरुद्ध बर्मिंगहॅम ते लिव्हरपूल अशी १०० मैलांची पदयात्रा काढली. पगाराचा विषय बाजूला ठेवून, निधी आटल्याने वस्त्यांचे काय हाल झाले ते सांगायला. आपल्याला वारीची सवय, पण गोऱ्यांच्या देशात हे तसं नवलच!

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? डिसेंबर २०२३ मध्ये, बार्नेटचा लढा चालू असतानाच, महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. जानेवारीअखेरीपर्यंत, पन्नासहून जास्त दिवस तो चालला. त्यांना मिळतं ते 'मानधन'. वेतन म्हटलं की हक्क आले, ग्रॅच्युइटी आली, म्हणून हा गोड शब्द! ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये मान्य करावा लागला.

इथल्या मराठी घरांतही आता आईवडील थकलेत, कुणाच्या मुलाला विशेष मदतीची गरज आहे. कौन्सिलचं पत्र येत नाही म्हणून आपण फोनवर त्या सोशल वर्करलाच झापतो. त्याऐवजी आपल्या कौन्सिलरला गाठा आणि विचारा, या विभागात किती जागा रिकाम्या आहेत आणि किती कामं एजन्सीच्या माणसांवर चालली आहेत. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यांनाही कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून मत आहे, तेव्हा तो ऐकून घेईल.