मोडकळीस आलेल्या इमारती : कायदा, मालक आणि आपण

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतून धोकादायक इमारतींच्या याद्या छापून येतात. त्यांत इमारतीचे नाव असते, रस्त्याचे नाव असते. आत राहणारा माणूस कोण, हे मात्र त्यावरून कळत नाही. आपल्यापैकी घरमालक किती आणि खोलीत राहणारे किती, हे वेगळे सांगायला नको. म्हणून हा कायदा खोलीत राहणाऱ्याच्या बाजूने वाचला पाहिजे, असे मला वाटते.

मूळ कायदा १८८८ चा, मुंबई महानगरपालिकेचा. त्याच्या कलम ३५४ नुसार इमारत मोडकळीला आली असेल, पडण्याजोगी असेल, राहणाऱ्याला किंवा शेजारून जाणाऱ्याला तिच्यापासून धोका असेल, तर आयुक्त मालकाला अथवा भोगवटादाराला लेखी नोटीस देऊन ती पाडायला, सावरायला वा दुरुस्त करायला सांगू शकतात. राज्यातल्या इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या कायद्यात असेच कलम आहे, २६४ वे. ‘मालक अथवा भोगवटादार’ हे शब्द कागदावर शेजारी शेजारी बसतात. प्रत्यक्षात मालक जागचा हलत नाही आणि बोचके भोगवटादाराच्या डोक्यावर येते.

हे आजचे नाही. १८९६ साली प्लेग आला तेव्हा राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यूएचएच’ अशी अक्षरे रंगवली जात. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. वस्त्या पाडण्याचा वेग आणि नवी घरे देण्याचा वेग यांचा मेळ कधी बसला नाही. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. १९२० नंतर बीडीडीच्या २०७ चाळी उठल्या. त्यांतल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या समाजाच्या कितीतरी पिढ्या वाढल्या.

खासगी चाळींची गोष्ट निराळी. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालक म्हणाला, एवढ्या भाड्यात डागडुजी परवडत नाही; आणि त्याने चाळ सोडून दिली. ती पडावी यातच पुष्कळदा त्याचे हित होते, कारण जमिनीला सोन्याचा भाव आला होता. तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढले आणि इमारतींवर उपकर बसवला. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. व्यवस्था तोकडी होती, संक्रमण शिबिरात गेलेली माणसे तिथेच म्हातारी झाली. तरीही मालकाने हात वर केले तर कुणीतरी दुरुस्ती करील, एवढे तत्त्व मान्य झाले. परंतु हे फक्त शहर विभागापुरते आणि उपकर भरणाऱ्या इमारतींपुरते. उपनगरे त्यातून सुटली. आणि सुटल्या सफाई कामगारांच्या वसाहती.

खरा पेच इथे आहे. या वसाहतींची मालक नगरपालिकाच. नोटीस देणारी तीच, घेणारीही तीच. मग नोटीस कुणी कुणाला द्यायची?

२०१३ च्या २७ सप्टेंबरला माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. इमारत महापालिकेची, राहणारे महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांची बायकामुले. बांधकाम १९८० च्या सुमाराचे, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या चाळींपेक्षा कितीतरी तरुण. इमारत वयाने पडते हा समज किती खोटा आहे, ते यावरून कळावे.

मी अशाच एका वसाहतीत वाढलो. गावाचे नाव सांगत नाही. आमच्या खोलीत छताच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि गिलाव्याचा पोपडा पिठाच्या परातीत पडे. ओट्यावर लाकडी टेकू लावले गेले ते कायमचेच. त्यांना दोऱ्या बांधून बायका धुणे वाळत घालत. वडिलांनी तक्रार करायची ती ज्या कचेरीत त्यांची हजेरी लागे तिथेच. मुकादम म्हणे, खोली नको असेल तर सोड, घ्यायला दहा जण उभे आहेत.

कारण कायद्याच्या भाषेत सफाई कामगार भाडेकरू नसतोच. खोली नोकरीला चिकटलेली. नोकरी संपली की खोली सोडायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी मिळते खरी, पण छप्पर टिकवण्यासाठी शिकलेल्या पोराने झाडू हातात घ्यायचा, हाही तिचाच एक अर्थ झाला. जात टिकवायला धर्मग्रंथच लागतात असे नाही; सेवानिवासस्थानाचा नियमही पुरतो.

भाडेकरूला निदान काही आधार आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कलम ३५३ब ने बंधनकारक आहे. इमारत ‘सी-१’ ठरली तर ती रिकामी करून पाडायची; ‘सी-२’ आणि ‘सी-३’ मध्ये दुरुस्तीला वाव असतो. म्हणून नोटीस हाती पडताच आपला वर्ग कोणता, हे आधी विचारावे. मालकाचा अहवाल संशयास्पद वाटला तर रहिवाशांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. दोन अहवालांत विरोध आला तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. खोली सोडण्यापूर्वी आपले नाव आणि खोलीचे क्षेत्रफळ पालिकेच्या यादीत लिहून घ्यावे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

वसाहतीतल्या कामगाराला यातले फारच थोडे लागू पडते. त्याच्या इमारतीची तपासणी पालिकेबाहेरच्या यंत्रणेने करावी, अहवाल मराठीत वसाहतीच्या दारावर लावावा, आणि वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या कुटुंबाचा घरावरचा हक्क झाडूपासून वेगळा काढावा, अशी मागणी कामगार संघटनांनी आता करायला हवी. बोनसच्या मागणीपत्रात तिला शेवटच्या पानावर जागा मिळते, तीही मिळाली तर.