मानेला शेक, घड्याळ लावून

मान धरली की घरात आधी शेकाची तयारी होते. कुणी तव्यावर जाडं मीठ तापवून जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधतं, कुणी निर्गुडीचा पाला गरम करतं. रबरी पिशवी तर बहुतेक घरांत असतेच.

डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५ किलो. मोबाइलवर किंवा शिलाई मशीनवर तासन् तास वाकून बसलं, की मानेमागचे आणि खांद्यांवरचे स्नायू हा भार ओढून धरतात. ते आखडतात, आखडले की दुखतात आणि दुखू लागले की आणखी आखडतात. शेकाने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात. मणक्याची झीज मात्र त्याने भरून येत नाही. म्हणून शेक संपला की ताबडतोब, स्नायू ऊबदार असतानाच, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी, खांदे गोल फिरवावेत. शेकाचा खरा उपयोग या पाच मिनिटांसाठी, आणि नेमकी तीच आपण टाळतो.

उष्णतेने भाजल्याची जाणीव देणारा मज्जातंतूंवरचा रिसेप्टर शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना सापडला तो मिरचीचा माग काढताना. २०२१ च्या नोबेल पुरस्कारात या शोधाचा वाटा होता. हा रिसेप्टर साधारण ४३ अंश सेल्सिअसला जागा होतो, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. त्यामुळे झणझणीत मलम चोळून त्यावर पिशवी ठेवली, तर आग नेमकी कशाची होतेय हेच कळेनासं होतं.

भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही. ६० अंशांना त्वचा पाचेक सेकंदांत भाजते. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात. पिशवी मानेखाली घेऊन झोपी गेलेल्या माणसाकडे तेवढे तास असतात! पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावावा, मध्ये टॉवेल असावा. मधुमेहामुळे संवेदना मंदावलेल्यांनी तापमान दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तपासून घ्यावं.

ताज्या मुका माराला पहिले दोन दिवस शेक नको. हात बधिर होत असेल, वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा सोबत ताप असेल, तर पिशवी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

रोज एकाच जागी शेकलं, तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी चट्टे उमटतात. काश्मिरात फिरन या सैल अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर ते दिसतात. मानेमागचे चट्टे स्वतःला दिसत नाहीत. शेक देणाऱ्यानेच अधूनमधून कॉलर खाली करून पाहावं.