संगणकाची क्षमता-चाचणी : दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

विहिरीचे पाणी किती, हे पाहण्यासाठी दुबळा पंप बसविला, तर मोजले जाते ते पंपाचे बळ. विहिरीचे पाणी नव्हे. संगणकाच्या क्षमता-चाचणीतही अनेकदा हीच चूक घडते आणि सुस्थितीतील यंत्र निकामी ठरविले जाते.

ड्रायव्हर म्हणजे काय?

पडद्यावरील चित्रे तयार करण्याचे काम संगणकातील ग्राफिक्स कार्ड करते. कार्डाला त्याच्या भाषेत आज्ञा पोहोचविणाऱ्या आज्ञावलीस ‘ड्रायव्हर’ म्हणतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स या मुक्त प्रणालीवर अशा ड्रायव्हरांचा मोठा संच उपलब्ध आहे. त्याचा पाया असलेल्या ‘मेसा’ प्रकल्पाचा आरंभ ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केला.

कार्डासाठी योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास प्रणाली प्राथमिक ड्रायव्हरवर काम भागविते. पडद्यावर चित्र उमटते. परंतु त्यामागील गणिते कार्ड करीत नाही. तो भार मेसामधील ‘एलएलव्हीएमपाइप’ या आज्ञावलीमार्फत मुख्य प्रोसेसरवर पडतो. अशा स्थितीत घेतलेल्या चाचणीचे आकडे कार्डाचे नसून प्रोसेसरचे असतात.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर उभा केला व २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. मात्र २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० व ९८० या कार्डांची गती वाढविण्यास कंपनीची स्वाक्षरी असलेली अंतर्गत आज्ञावली आवश्यक ठरली. परिणामी नूवोवर ही कार्डे आरंभीच्या मंद गतीनेच चालतात. येथे काम कार्डच करते, पण हात बांधलेल्या अवस्थेत.

यावरून मुक्त म्हणजे दुय्यम, असा समज करून घेणे योग्य नव्हे. इंटेल व एएमडी या कंपन्यांचे अभियंते स्वतः मुक्त ड्रायव्हरांच्या विकासात सहभागी असून त्या कार्डांची खरी क्षमता त्यांतून प्रत्ययास येते.

चाचणी घेताना

प्रथम ‘जीएलएक्स-इन्फो’ ही आज्ञा देऊन चित्रे कोण रेखाटत आहे, ते पाहावे. तेथे कार्डाऐवजी एलएलव्हीएमपाइपचे नाव आढळल्यास चाचणी तेथेच थांबवावी. फिरत्या दातेरी चाकांचा ‘जीएलएक्स-गिअर्स’ हा कार्यक्रम चाचणी म्हणून वापरू नये. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर बहुधा या कार्यक्रमाचा आकडाही ६० च्या आसपास थांबतो. त्यावरून कार्डाचे बळ कळत नाही.

दोन संगणकांची तुलना करताना पडद्याची विभेदनक्षमता व प्रणालीची आवृत्ती एकच ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, चाचणी किमान तीनदा घ्यावी आणि आकड्यांशेजारी ड्रायव्हरचे नाव व आवृत्ती नोंदवावी. या नोंदीवाचून आकड्यांना अर्थ राहत नाही.

शाळा, ग्रंथालये व कार्यालये यांतील संगणक सार्वजनिक पैशातून आलेले असतात. मंद म्हणून त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सिद्ध करण्यापूर्वी ड्रायव्हर तपासण्यास काही मिनिटे पुरेशी होतात. ड्रायव्हर बदलताच यंत्र पूर्ववत चालू लागले, तर नव्या खरेदीचा खर्च वाचतो. न लागल्यास निर्णय तरी खऱ्या मोजमापावर आधारलेला राहतो.